शिरीषच्या दोन फायली

आमच्या घरातलं तिखट शिरीषमुळे कमी झालं, आणि माझ्या मते सगळ्याची सुरुवात तिथून झाली. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, म्हणून दिल्लीत सरोजिनी नगरचा क्वार्टर. घरात हिरव्या मिरचीचा ठेचा पाण्याच्या तांब्याइतका अत्यावश्यक. शिरीष हा बाबांच्या कॉलेजातल्या मित्राचा मुलगा, पुण्याचा. नेहरू प्लेसच्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि 'महिनाभर, खोली मिळेपर्यंत' म्हणून आमच्या जाळी लावलेल्या व्हरांड्यात राहायला आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने भाकरीवर ठेचा घेतला, पहिला घास खाल्ला, आणि आधी कान, मग मान, मग चष्म्यामागचं सगळं लाल झालं. तरी बेटा म्हणतो, "छान आहे काकू. जरा सवय नाही, एवढंच." दुसऱ्या दिवशी आईने वांग्याच्या भाजीत गूळ घातला. वांग्यात गूळ! मी विचारलं, "आई, हे वांगं आहे की श्रीखंड?" ती म्हणाली, "खा मुकाट्यानं. पाहुणा आहे तो." पाहुणा म्हणे. पाहुणा येतो आणि जातो. याने तर वर्षभरात व्हरांड्यात खिळे ठोकून शर्ट टांगले होते. मिरच्या त्याला झोंबल्या त्या एका घासापुरत्या. माझ्या नाकाला त्या पुढे दीड वर्ष झोंबत होत्या.

मी तेव्हा विशीतला. बी.कॉम.ला नाव घातलेलं, आणि संध्याकाळी एका क्लासात कॉम्प्युटरचा डिप्लोमा. त्या क्लासात कॉम्प्युटर कमी आणि कॉम्प्युटरवर घालायचं कापड जास्त होतं. आम्ही वहीत चौकोन आणि बाण काढायचो. पण शिरीष येईपर्यंत क्वार्टरांच्या त्या रांगेत 'कॉम्प्युटरवाला लडका' मीच होतो. तो आला आणि माझी बदली झाली, विदाउट ऑर्डर. बाबा पेपर वाचून दाखवायचे ते आता त्याला. "शिरीष, हे बघ काय लिहिलंय," असं म्हणायचे, आणि मी शेजारी बसलेलो असायचो, माझे कानही उघडे असायचे. आणि वैशालीताई! माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं हसणं ही लहानपणापासून माझी मिळकत होती. बाबांच्या डायरेक्टरसाहेबांची नक्कल करून मी तिला लोळवायचो. आता शिरीष काहीतरी पुणेरी, अर्ध्या ओठातलं बोलायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. त्यातला विनोद मला कळायचासुद्धा नाही. कळला असता तर निदान त्याला वाईट तरी म्हणता आलं असतं.

ताई एम.फिल. करत होती, विषय दिल्लीतल्या जुन्या बावल्या. पायऱ्या उतरत जायचं, तळाशी पाणी, अशा त्या खोल विहिरी. प्रबंध जानेवारीअखेर द्यायचाच होता. मुदत एकदा वाढवून मिळालेली, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि प्रबंध दिला तरच एका कॉलेजात शिकवायची जागा तिच्यासाठी धरून ठेवणार होते. म्हणून शिरीषने ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. बैठकीच्या खोलीत टेबलावर त्याची स्थापना झाली, आईने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. सुरू करताना तो आधी घर्र करायचा, मग खाकरायचा, मग एकदाच शिटी मारायचा. आमच्या बाबांची सकाळही याच क्रमाने सुरू होत असे, फक्त शिटी दूधवाल्याची.

शिरीषने सगळ्यांना समोर बसवून समजावलं. मशीन जागं होताना दोन छोट्या फायली वाचतं. आधी कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठे बसवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. त्या फायली त्याने स्वतः, ओळ न् ओळ, हाताने लिहिल्या होत्या. "या दोघींना कोणी हात लावायचा नाही, बरं का," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला. मग त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. घर्र, खाकरणं, शिटी, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत उमटलं: गुड मॉर्निंग वैशाली, चहा झाला का? ताई लाजली. बाबा म्हणाले, "वा! भले!" आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "किती गुणी पोरगा. मशीनलासुद्धा वळण लावलं." माझ्या पोटात जे दुखलं, त्यावर ओवा चालला नसता. रोज सकाळी घरातल्या सहाव्या माणसासारखं ते यंत्र माझ्या बहिणीला चहाचं विचारायचं, आणि मला विचारणारं कोणी नव्हतं. माझा चहा झालेला असायचा, तो भाग वेगळा.

डिसेंबरात शिरीषच्या कंपनीने त्याला दिल्लीबाहेर मानेसरला पाठवलं. तिकडे तेव्हा कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मशीनं बसवायची होती. राहायचं तिथेच, घरी आला तर एखाद्या रविवारी. मला वाटलं, हीच वेळ. असं काहीतरी करायचं की ताई म्हणेल, हे शिरीषलाही जमलं नसतं. मी नेहरू प्लेसला गेलो. पायऱ्यांवर फ्लॉप्या मांडून बसलेल्या एका सरदारजीने माझ्या चेहऱ्यावरची गरज ओळखली. "हिंदी-मराठी में टाइप करो जी," तो म्हणाला, "और साथ में इस्पीड फ्री. कंप्यूटर भागेगा." मी विचारलं, "कोई गड़बड़ तो नहीं करेगा?" तो दुखावला. "बेटा, ये सिर्फ अच्छा ही करता है."

घरी येऊन फ्लॉपी घातली. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि सबंध कारभारात तिने मला एकच प्रश्न विचारला: पुढे जाऊ का? मी 'वाय' दाबलं. पट्टी संपली, माझं अभिनंदन झालं, आणि मशीन आपणहून बंद होऊन सुरू झालं. घर्र, खाकरणं, शिटी. पण ते 'गुड मॉर्निंग वैशाली' आलंच नाही. मी परत सुरू करून पाहिलं. नाही. आता, एखाद्या शहाण्या मुलाला वाटलं असतं की ज्या फायलीला हात लावायचा नव्हता तिला कोणीतरी हात लावला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, देव आहे. मी त्या फायलींना स्पर्श केला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. शिरीषच्या ओळी काढून आपल्या ओळी लिहिण्याचं काम त्या फ्लॉपीने परस्पर केलं होतं. घरात यायला परवानगी मागितली आणि आत शिरल्यावर स्वयंपाकघरातले डबे हलवले.

(आज मी नोएडात सतराव्या मजल्यावर राहतो. सकाळी उठून पाहावं तर फोनने रातोरात स्वतःला सुधारून घेतलेलं असतं आणि वर लिहिलेलं असतं, तुमचा अनुभव आम्ही अधिक चांगला केला आहे. माझा मुलगा म्हणतो, "अच्छा है ना, पप्पा!" मी आयकॉन मोजतो.)

आणि खरोखरच मशीन पळायला लागलं. पूर्वी ताई लिहिलेलं साठवायला सांगायची तेव्हा ते किरकिर करत, कण्हत बसायचं. आता बटण दाबलं की लगेच: झालं. ताई म्हणाली, "संजू, अरे, हे काय केलंस तू! कमाल आहे यार!" ते 'यार' मी अजून जपून ठेवलंय. मी क्वार्टरांच्या रांगेत ताठ मानेने हिंडलो. आईच्या पाककृती आणि पानिपत सहलीच्या सूचनाही मी नव्या मराठी अक्षरांत टाइप करून दिल्या, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या अंकासाठी. आई म्हणाली, "शिरीषला हे येतं का रे?" मी म्हणालो, "त्याला कुठून येणार!" आणि त्या दिवशी वांग्यात गूळ नव्हता.

ते 'झालं' खोटं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या फुकट इस्पीडने फाइलीत एक ओळ घुसवली होती, आणि त्या ओळीमुळे मशीन लिहिलेलं आधी हातात धरून ठेवायचं, 'झालं' म्हणायचं, आणि मग सवडीने, काही क्षणांनी, डिस्कच्या तबकडीवर उतरवायचं. बाबांच्या ऑफिसातला शिपाई जसा "फाइल पहुँचा दी साब" म्हणून चहा प्यायला जातो, तसं. एरवी चाललंही असतं. पण आमच्या घरात बाबा होते, आणि बाबांना सवय होती. वीज वाचवण्याचं एक सरकारी परिपत्रक कधीकाळी त्यांच्या टेबलावरून गेलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं आणि घरापर्यंत आणलं. माणूस खोलीतून उठला की मागोमाग बाबा, आणि भिंतीवरची बटणं: खट, खट, खट. पंखा, दिवा, हीटर. न्हाणीघरात मी असताना दिवा गेलेला आहे. ताई लिहून झालं की साठवायची, 'झालं' वाचायची आणि आईच्या हाकेला उठायची. ती दाराशी पोचेपर्यंत बाबांचं बोट बटणावर पोचलेलं असायचं. खट. मशीनच्या हातातलं हातातच, आणि कोणतं पान कोणत्या फायलीचं ही नोंदही अर्धवट. असं महिनाभर, दिवसातून कितीतरी वेळा. शिरीषच्या ओळी होत्या तोवर हे बोट निरुपद्रवी होतं, कारण तेव्हा मशीन कण्हत का होईना, लिहून झाल्यावरच 'झालं' म्हणायचं.

जानेवारीच्या सुरुवातीला एका धुकट दुपारी ताईने तिसरं प्रकरण उघडलं आणि आम्हाला हाक मारली. बावलीच्या पायऱ्या तीन बाजूंनी खाली उतरत होत्या, चौथ्या बाजूला कमानी होत्या, आणि सगळ्यात तळाशी, जिथे पाणी असायला हवं, तिथे मराठीत लिहिलं होतं: गुळाचा पाक गोळीबंद झाला की तीळ घालून भराभर ढवळावे. आई खुदकन हसली. "अगंबाई, माझी वडी तुझ्या पुस्तकात!" बाबाही हसले. मी सर्वांत मोठ्याने. ताई खाली सरकत गेली. वडीनंतर मंडळाच्या पानिपत सहलीच्या सूचना, त्यानंतर चिन्हांचा चिखल, आणि मग काहीच नाही. चौथं प्रकरण उघडेचना. तिने ड्रॉवरमधली फ्लॉपी काढली. ती रोज न चुकता तिच्यावर प्रत उतरवायची. फ्लॉपीवरही वडीच होती. रोज न चुकता ती बिघडलेलंच उतरवत आली होती. हाताने लिहिलेले कच्चे कागद टाइप झाले तसे रद्दीत गेले होते. ताईने झाकण उचललं, मशीनवर घातलं, परत काढलं. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मानेसरला फोन लावला. शिरीष रविवारी सकाळी कंपनीची बस पकडून आला आणि तो चपला काढत असतानाच मी सुरुवात केली. "मी आधीच म्हणत होतो, यांचं सेटिंग पहिल्यापासून चुकलेलं होतं." तो सरळ मशीनपाशी गेला. खुर्चीवर बसला, त्या दोन फायलींपैकी एक उघडली, आणि बराच वेळ वाचत राहिला. एखाद्याने आपल्या घरी यावं आणि आत दुसराच संसार थाटलेला दिसावा, तसा चेहरा.

"संजू, या ओळी तू लिहिल्यास?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काही इन्स्टॉल केलंस?"

"ते... मराठी टायपिंगचं. त्याने आपोआप केलं असेल."

"मला विचारायचं तरी."

"का? तू कोण लागून गेलास?"

तेवढं पुरलं. आईने हातातली पळी ठेवली. "संज्या! वर तोंड करून बोलतोस? बहिणीचं वर्षाचं काम बुडवलंस आणि अक्कल शिकवतोस? वीस वर्षांचा घोडा झालास, दिसेल त्या गोष्टीत बोट घालायची खोड काही जात नाही. लहानपणी मिक्सरमध्ये घातलंस, आता यात!" ती बोलत राहिली. आई रागावायला लागली की मागच्या सगळ्या थकबाकीसकट रागावायची. माझ्या चौथीतल्या हरवलेल्या डब्यापर्यंत आम्ही पोचलो. बाबा बटणाकडे बघत उभे होते. शिरीषने त्यांना हलक्या आवाजात सांगितलं होतं की दर वेळी नेमकं काय घडत होतं, आणि माझ्या बाबांनी आपला उजवा हात पाठीमागे नेला होता, जणू तो कोणाला दिसू नये.

"काळजी करू नकोस वैशाली," शिरीष म्हणाला. "दुरुस्तीचा प्रोग्राम असतो. पाच मिनिटांचं काम." त्याने तो चालवला. मशीनने त्याला विचारलं, चुका दुरुस्त करू का? त्याने, अगदी माझ्याच आत्मविश्वासाने, 'वाय' दाबलं. आणि मशीनने दुरुस्ती केली. एकमेकांत गुंतलेल्या फायलींचा गुंता त्याने कापून सोडवला. जे कोणाचं ते ठरेना त्याचे निनावी तुकडे केले. वडी उरली. तिसरं प्रकरण पहिल्या कमानीपाशी संपलं. चौथं नावापुरतं राहिलं, आत शून्य. शिरीषचा चेहरा ठेचा खाल्ल्यासारखा झाला. मला, आता खोटं कशाला बोलू, आतून एक गुदगुली झाली: चुकला! पुण्याचा चुकला! ती गुदगुली ताईच्या चेहऱ्याकडे नजर जाईपर्यंत टिकली.

आई पुढे झाली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे बाळा. होतं कधीकधी."

बाळा! मी जळून कोळसा झालो.

"उठा," ताई म्हणाली. "दोघेही. माझ्या मशीनला आता तुमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही." मग तिने शिरीषला हात मागे बांधून शेजारी उभं केलं आणि त्या फाइलीतली ओळ न् ओळ तोंडाने सांगायला लावली: ही कशाला, ती कशाला, काढली तर काय होतं. जी नको ती तिने स्वतः खोडली. शेवटी त्याने चाचरत विचारलं, "ती गुड मॉर्निंगची ओळ परत घालू या?" ताई म्हणाली, "काही नको. चहा झाला का, हे विचारायला घरात माणसं आहेत." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पुढच्याच वाक्यात तिने मलाही खोलीबाहेर काढलं.

ताई नव्याने लिहायला बसली. बाबांनी भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर स्वहस्ते कागद डकवला: 'सदर बटण पुढील आदेशापर्यंत बंद करू नये.' संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली, तेव्हा दरवर्षी सहकुटुंब जाणारे बाबा एकटे गेले. परत आल्यावर म्हणाले, "सगळे विचारत होते वैशालीचं कसं चाललंय. मी सांगितलं, युद्ध चालू आहे." घरात सगळे कुजबुजत बोलायचो. आतून फक्त बटणांची टकटक, आणि दर थोड्या वेळाने ते जुनं कण्हणं. ते ऐकलं की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "लिहिलं बाई एकदाचं."

इथे वाचकाला वाटत असेल की ताई आणि शिरीषचं पुढे जमलं. नाही. ताईने काही वर्षांनी एका बंगाली प्राध्यापकाशी लग्न केलं, आणि ती बातमी आली तेव्हा शिरीष आणि मी दोघं मिळून जळलो. पण एकत्र जळायची आमची सवय त्या जानेवारीतच लागली असावी.

मुदतीचा आदला दिवस. कधी नव्हे ते ऊन पडलेलं. आई आत पोळ्या लाटत होती आणि तिने आम्हा दोघांना व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मटारचा ढीग देऊन बसवलं होतं. शिरीष रजा काढून आला होता. ऑफिसातून प्रिंटरही आणलेला. तो दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होता. मग म्हणाला, "त्या दिवशी काकू तुला किती बोलल्या."

"मजा आली असेल तुला."

"नाही रे. मला नाही बोलल्या."

"मग नशीब समज."

"मीपण वायच दाबलं होतं ना," तो म्हणाला. "खरं तर माझ्यामुळे जास्त गेलं. तुला मिक्सरपासून सगळं ऐकवलं. मला म्हणाल्या, असू दे बाळा. पाहुण्याला म्हणतात तसं." त्याने एक शेंग उगाचच दुमडली. "दीड वर्ष झालं मला इथे. आमच्या घरी मोठ्यांदा कोणी बोलतच नाही. इथे एवढं बोलतात, पण माझ्याशी नाही. तुझा हेवा वाटतो यार."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. गूळ त्याला, पेपर त्याला, ताईचं हसू त्याला, आणि हा माझ्या शिव्यांवर डोळा ठेवून बसला होता! आपल्याकडे एवढी इस्टेट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी मटार सोलताना मुद्दाम जरा ऐसपैस बसलो.

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला. थकलेला, पण मोकळा. "झालं! कोणीतरी या रे, कागद धरायचाय!"

आम्ही दोघेही एकदम उठलो. तिने नाव घेतलं नव्हतं, तेव्हा जो आधी पोचेल तो. शिरीष दोन ढांगा पुढे होता, पण त्याचा पाय सोललेल्या दाण्यांच्या परातीत पडला. परात उलटली, हिरवे दाणे व्हरांडाभर, चपलांत, नालीत, जिन्याच्या दिशेने. आई लाटणं घेऊन दारात आली. तिने दाणे पाहिले, पाय पाहिला, आणि त्या पायाचा मालक पाहिला. मग सुटली. "डोळे कपाळात गेले का रे तुझे? सकाळपासून निवडतेय काय, आणतेय काय, आणि हा नाचतोय परातीत! एवढा मोठा इंजिनिअर, मटार सोलता येत नाहीत धड, अर्धी टरफलं आत टाकलीस ती काय मला दिसत नाहीत? आणि व्हरांड्यात खिळे कोणी ठोकले विचारून? सरकारी भिंत आहे ती!"

मी आत निसटलो. प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता आणि भोकं पाडलेला लांबच लांब कागद त्यातून बाहेर येत होता. तो दुमडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरला. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं. बावलीच्या पायऱ्या माझ्या हातांवरून उतरत तळाशी पोचल्या, आणि तिथे पाणीच होतं. ताई डोळे मिटून खुर्चीत मागे रेलली होती. "नीट धर," ती पुटपुटली. मी धरलाच होता. पण माझी मान दाराकडे होती. उंबऱ्यापलीकडे शिरीष ओणवा होऊन दाणे वेचत होता, त्याचं सगळं तोंड उजळलं होतं, आणि आई त्याच्या डोक्यावर उभी राहून अजूनही बोलत होती. मला एवढा वेळ ती कधी रागावली नव्हती.